कोऱ्या कागदाचा होकार

मतपत्रिकेवर ‘नको’ म्हणायला जागाच नसेल, तर त्याला जनतेचा कौल म्हणाल का?

बुकित बातोक या उपनगरात आमच्या इमारतीच्या नव्या रंगासाठी खाली मतदान होतं. तीन पर्याय होते. माझ्या पुढचे नव्वदीतले चिनी आजोबा कागद उलटसुलट करत होते.

“अंकल, एकही रंग आवडला नाही?”

“रंगाचं काय, लाह,” इथल्या बोलीतलं शेपूट जोडत ते म्हणाले. “ तरुणपणी आपलं हे बेट मलेशियात सामील करण्यावर मत दिलं. तेव्हाही तीनच पर्याय, तिन्ही सामील होण्याचेच. मी कागद कोरा टाकला. कोरा म्हणजे सरकारला होकार, असा नियम होता.”

त्यांनी निळ्यावर ठसठशीत खूण केली. कोरा कागद त्यांना पुन्हा कुणाच्या हाती द्यायचा नव्हता.

माणसाचा नकार असा पळवणं ही चोरीच. कुठेही सार्वमत झालं, की निकालाआधी त्यातला प्रश्न वाचा.