बर्फाच्या कारखान्यातली टायरपरीक्षा

पेणच्या कचेरीसमोर टेबल मांडून मी अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु ज्याने निम्म्या तालुक्याच्या तक्रारी शुद्ध मराठीत सरकारच्या पायाशी नेऊन ठेवल्या, त्याच्या इयत्ता मोजण्यात अर्थ नसतो. सासुरवाडीकडच्या मंडळींना हे फार लवकर उमगले होते. कोणतीही गोष्ट कळेनाशी झाली की ते ती माझ्याकडे घेऊन येत.

नव्वदीच्या दशकातल्या एका डिसेंबरात माझा धाकटा मेहुणा रोह्याहून असाच आला. तो तिथल्या एका कारखानदार शेठकडे टेम्पो चालवत असे. शेठला मोटारींच्या शर्यतींचा नाद होता. मेहुण्याचा हात चांगला म्हणून वर्षभरापूर्वी त्यांनी त्याला टेम्पोवरून काढून आपल्या लाल शर्यतीच्या गाडीवर घेतले होते. आता जानेवारीत शेठ उत्तरेकडच्या डोंगरात, बर्फाच्या मुलखात शर्यतीला निघाले होते. त्यासाठी त्यांनी मुंबईहून रुंद, चकचकीत, खास वेगासाठी बनवलेली टायरे आणवली होती. मेहुण्याने ती पाहिली आणि त्याच्या तोंडून निघून गेले की थंडीत ही चालणार नाहीत. त्याने मुंबईच्याच एका जुन्या मालाच्या दुकानातून दुसऱ्या टायरांच्या दोन जोड्या हुडकून आणल्या होत्या. ही टायरे अरुंद होती, त्यांच्यावर बारीक बारीक चिरा होत्या, आणि ती बर्फाच्या देशातून आलेल्या एका गाडीची आहेत असे दुकानदाराने त्याला सांगितले होते.

शेठ ती पाहून हसले. ही रिक्षाची दिसतात, म्हणाले. मग हसू आवरून त्यांनी बजावले, की थंडीत काय पकडते ते निघण्यापूर्वी सिद्ध करून दाखव. नाहीतर मुंबईहून दुसरा माणूस येईल आणि तू टेम्पोवर परत जाशील.

मी प्रकरण ऐकून घेतले आणि माझे प्राथमिक मत दिले. ते रुंद टायरांच्या बाजूचे होते. ज्याचे क्षेत्र मोठे त्याचा कब्जा पक्का, हे मी शेतजमिनीच्या शेकडो वादांत पाहिलेले आहे. जमिनीपुरते हे मत माझे आजही कायम आहे.

"भावजी, रबर आणि शेत एक नाय," मेहुणा म्हणाला. "हे रुंद रबर गरम रस्त्यावर चिकटतं. गारठ्यात ते लाकूड होतं. पण शेठला दाखवू कसं? इकडे थंडी हाय कुठे?"

हा मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी सदऱ्याचे वरचे बटण लावण्याइतकी. सौ. आतून म्हणाली, "अवो, माझ्या भावाला परत टेम्पोवर बसवू नका हां." मी बसवणार नव्हतोच, परंतु घरात जबाबदारी अशीच ठरते. तेव्हा मला खाडीच्या बाजूचा बर्फाचा कारखाना आठवला. त्याच्या वीजजोडणीचा अर्ज माझ्याच लेखणीतून उतरलेला असल्यामुळे तिथले व्यवस्थापक मला नाही म्हणू शकत नव्हते. बर्फाच्या लाद्या रचायच्या खोलीत त्यांनी मेहुण्याने सोबत आणलेली दोन्ही जातींची एकेक जोडी, चाकांवर चढवलेलीच, रात्रभर ठेवून घेतली. कारण त्यांनी विचारले. मी 'शासकीय स्वरूपाचे नाही' एवढेच उत्तर दिले.

शेठ दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. नुसत्या तोंडी सांगण्यावर श्रीमंत माणूस विश्वास ठेवत नाही, म्हणून मी रीतसर पंचनामा करायचे ठरवले. मोटारीचे टायर कोणते घ्यावे याचा पंचनामा तोपर्यंत रायगड जिल्ह्यात झाला नसावा. पंच तीन: एक मी, दुसरे कारखान्याचे व्यवस्थापक, तिसरा एक मिठागरातला वयस्क आगरी, जो स्वतःच्या अर्जासाठी माझ्यामागे तिथपर्यंत आला होता. पद्धत सोपी होती. खोलीतून काढलेल्या टायरावर प्रत्येक पंचाने अंगठा दाबायचा आणि रबर कडक की मऊ हे सांगायचे.

प्रथम मिठागरवाल्याने दाबले. आयुष्यभर मीठ ओढून त्याच्या अंगठ्याचे खूर झाले होते. त्याने दोन्ही टायरे शांतपणे चेपली.

"रायटरसायेब, मना तं दोनी नरमच लागतान. लोण्यासारकी."

मग मी दाबले. लेखणीखेरीज काही न धरलेल्या माझ्या अंगठ्याला दोन्ही सारखीच दगड वाटली. व्यवस्थापकांनी बराच वेळ दाबून धरले, डोळेसुद्धा मिटले, आणि अखेर सांगितले की इतकी वर्षे बर्फात हात घातल्याने त्यांच्या बोटांना काहीच कळत नाही.

मेहुण्याचा चेहरा पडला. मी मात्र तिन्ही जबाब जसेच्या तसे उतरवून घेतले, कारण पंचनाम्यात प्रतिकूल मजकूर गाळता येत नाही.

इतक्यात वाटेतल्या गडब गावी चहा घेऊन शेठ लाल गाडीतून आले. पंचनामा मी त्यांना उभ्याने वाचून दाखवला. त्यांनी तो पूर्ण ऐकला, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

"म्हणजे एक नरम, एक कडक आणि एक बधिर," ते म्हणाले. "अंगठे राहू द्या. गाडी चालवून बघू."

कारखान्यासमोर टेम्पो मागे घेऊन बर्फ चढवण्यासाठी एक उतार बांधलेला होता. व्यवस्थापकांनी त्याच्यावर बर्फाचा चुरा पसरायला लावला. या गाडीत जोर पुढच्या चाकांना असतो, म्हणून मेहुण्याने तिथे गारठलेली रुंद टायरे लावली. शेठ स्वतः आत बसले. इंजिन गरजले, चाके जागच्या जागी फिरली, बर्फाचा चुरा व्यवस्थापकांच्या तोंडावर उडाला, आणि गाडी चढायचे सोडून तिरकी होत मागे आली ती थेट बर्फ न्यायला आलेल्या एका कोळणीच्या टोपल्यांवर.

"बघ गो, बघ," ती आपल्या सोबतिणीला म्हणाली. "बोंबील इकत घेतात, नायतर असं तुडवतात. शेटला दोनी करायचं दिसतंय."

शेठनी टोपल्यांची भरपाई केली आणि पुन्हा प्रयत्न केला. या वेळी गाडी दुसऱ्या बाजूने घसरली. तिकडे टोपल्या नव्हत्या, मी होतो. मी योग्य त्या तत्परतेने जागा बदलली.

मग मेहुण्याने चाके बदलली. तो आत बसला तेव्हा कोळणींनी आपल्या टोपल्या आधीच उचलून घेतल्या. त्याने इंजिनाला अजिबात ओरडू दिले नाही. अरुंद टायरे चुऱ्यात रुतली. अर्ध्यावर एकदा चाक सुटले, गाडी वीतभर मागे आली आणि मेहुण्याचे ओठ हललेले मला दिसले. पण चिरांनी बर्फ पकडला आणि गाडी म्हातारी बाई देवळाच्या पायऱ्या चढते तशी, थांबत थांबत, वर पोहोचली.

"आता खाली," शेठ म्हणाले. "आणि मध्येच ब्रेक मार."

त्याने मारला. गाडी उतारावर जराशी डुलली आणि उभी राहिली. शेठनी वाकून त्या अरुंद टायरांच्या चिरांवरून बोट फिरवले. मुंबईहून हौसेने आणलेली वस्तू डोळ्यांदेखत नापास झालेली पाहणे सोपे नसते.

"चारही चाकांना हीच घाल," ते अखेर म्हणाले. "मुंबईच्या माणसाला नको म्हणून कळवतो. तुझ्याकडे गरम कपडे आहेत?"

मेहुण्याकडे एक अर्ध्या बाहीचा स्वेटर होता, तोही माझ्या सौ.ने विणलेला. परंतु त्याने क्षणभरही न अडखळता "हायत शेठ" असे उत्तर दिले आणि माझ्या अंगावरच्या, केवळ रुबाबासाठी घालायच्या लोकरी कोटाकडे पाहिले. घरी पोहोचेपर्यंत या बाबतीत माझा निर्णय व्हायचा होता. घरी पोहोचल्यावर तो झालेला होता. मेहुण्याने दारातूनच सगळे सांगितले, आणि सौ. माझ्या अंगावरून उतरवलेल्या कोटाला ब्रश करत बसली.

तो संपूर्ण जानेवारी मी कचेरीसमोर नुसत्या सदऱ्यावर काढला. कोट नसल्यामुळे अर्जदार माझ्याशी घासाघीस करू लागले, दोघांनी तर मला बाजूला सरकून बसायला सांगितले. फेब्रुवारीत कोट परत आला. त्याच्या दोन्ही कोपरांना काळे वंगण होते आणि खिशात कुठल्याशा डोंगरातल्या अक्रोडाची टरफले. मेहुणा शेठच्या लाल गाडीवर कायम झाला.