राबाच्या धुरात एक रविवार

"रविवारी आमचा राब भाजायचाय, येतेस?" ड्युटी संपता संपता वनितानं विचारलं आणि अकलोलीच्या गरम कुंडांचा माझा बेत तिथल्या तिथे रद्द झाला. वनिता माझ्यासोबत कल्याणच्या दवाखान्यात नर्स आहे; माहेर दिघाशीजवळचा वारली पाडा. त्यांचं भातशेत एका गोदामवाल्यानं तारा ठोकून गिळलं होतं. ते परत मिळालं होतं. अशा दिवशी कुंडात कोण बसून राहील?

तुम्हाला जायचं असेल तर सकाळीच निघा. भिवंडीहून वाड्याची एसटी, अंबाडी नाक्यावर उतरून रिक्षा. सुट्टे पैसे ठेवा, तोंडाला रुमाल बांधा. वाडा रोडवर ट्रेलरमागे धुळीशिवाय काही दिसत नाही. नाक्यावरचा वडापाव मात्र चुकवू नका, मी दोन हाणले.

"मॅडम, गोदाम देखने आये क्या?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नाही, शेत बघायला."

"अब इधर शेत कौन देखता है!" तो हसला. मला रागच आला.

शेताच्या कोपऱ्यात वनिताची आई, म्हणजे बारकीमावशी, शेण, पाला नि गवताचे थर पसरत होत्या. यावर माती टाकून उन्हाळ्यात पेटवतात, तो राब. पावसात याच भाजलेल्या जमिनीत भाताची रोपं करतात.

"राबाची जागा न्हाय बदलायची," मावशी म्हणाल्या. "माझ्या सासूची सासू पन हितंच भाजायची."

गोदामवाल्याला हेच ठाऊक नव्हतं. त्यानं सगळ्या शेतावर मुरूम ओतला आणि तक्रारीवरून तहसीलदार साहेब पाहणीला आले तेव्हा ठणकावून सांगितलं, हा पडीक माळ, इथं शेती कधी नव्हतीच. पण कंपाउंडच्या खांबासाठी त्याच्याच माणसांनी खड्डा खणला होता, तो नेमका याच कोपऱ्यात.

"मी सायबाला हात धरून खड्ड्याशी न्हेलं," मावशी सांगत होत्या. "वर लाल मुरूम, खाली हातभर काळी राख. बोललो, सायेब, माळावर कोन पिढ्यानपिढ्या राब भाजतं?"

साहेबांनी खाली वाकून कोळसा उकरला. पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी साक्षी दिल्या. वेळ लागला, पण निकाल लागला, तारा उपटल्या गेल्या आणि मुरूम गोदामवाल्याला स्वतःच्या खर्चानं उचलावा लागला. हे ऐकून मी चक्क टाळ्या वाजवल्या.

पेटवायचा मान मला दिला. मी काडी ओढली तशी मावशी ओरडल्या, "आगं बाय, वाऱ्यासंगं नको! भुर्रकन जळंल. त्या अंगानं लाव." सगळा पाडा माझ्यावर हसला. मग राब सावकाश धुमसत राहिला आणि आम्ही बांधावर बसून तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. असं जेवण कुठल्याही रिसॉर्टात मिळणार नाही.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, केवढा धुराचा वास येतोय तुला!" ओढणी धुवायचं माझ्या जिवावर आलं.

पाऊस लागला आणि परवा वनितानं फोटो पाठवला. काळ्या मातीत हिरवीगार रोपं, पोपटासारखी. लगेच मावशींचा फोन.

"आवनीला ये, बाय, रोपं लावायला. तारा व्हत्या तवर लोकांच्या शेतात वाकलो. यंदा माझ्या शेतात वाकायचंय."

डोळे पुसले आणि रजेचा अर्ज टाकला.