पालखीचा दांडा घेऊन बीदरहून भीमाकाठी

मला उर्दू लिहिता-वाचता येतं, एवढ्या एका गुणापायी यल्लम्माच्या पालखीचा नवा दांडा बीदरहून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमचं गाव अफजलपूरजवळ, भीमेच्या काठी. गेल्या जत्रेत जुना दांडा मधल्या बाकापाशी मोडला. आतून वाळवीनं पोखरला होता. पालखी देवीसकट खाली आली, आणि तेव्हापासून गावात कुणाची म्हैस आटली तरी लोक त्या मोडक्या दांड्याकडे बोट दाखवू लागले. माघी पुनवेच्या आत नवा दांडा आला नाही तर पालखी निघणार नव्हती. तडा गेलेला आला तरी तेच, भंगलेलं देवीला चालत नाही. मी तर जन्माचा घाबरट. बायको म्हणते, दूध चुलीवर चढायच्या आधीच मला ते उतू गेल्याचा वास येतो.

जाताना आगगाडीनं गेलो. गुलबर्ग्याहून बीदरला आता रेल्वेनं जाता येतं, वाडीला आणि विकाराबादला गाडी बदलावी लागते. मोकळ्या हातानं जाणाऱ्यांनी खुशाल जावं. दशम्या बरोबर घ्याव्यात, कारण विकाराबादला गाडीची वाट बघताना भूक फार लागते.

उर्दूत पत्र धाडून ज्यांच्याकडून दांडा घडवून घेतला, त्या महताबमियाँचा कारखाना किल्ल्याकडच्या गल्लीत. दांडा बघितला आणि आधी आनंद झाला, मग तो गावापर्यंत धड कसा न्यायचा याची काळजी लागली. काळसर शिसव, दोन माणसं लांब, मधोमध बाक, दोन्ही टोकांना सिंहाची तोंडं, आणि बाकाभोवती पोपटांची रांग. पोपटांच्या चोची ज्वारीच्या कोंबासारख्या बारीक होत्या. महताबमियाँ म्हणाले, "इसको झटका नक्को देव. बाकी कुच डर नै." बीदर ते भीमा एवढ्या रस्त्यात झटका सोडून दुसरं काय असतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

स्टेशनावरच्या बाबूनं दांड्याची लांबी ऐकून नकाराची मान हलवली. मोटारवाल्यानं टपाकडे बोट केलं आणि हसला. शेवटी आमच्याच गावचा शरणप्पा भेटला. गुळाच्या ढेपा बीदरला उतरवून त्याची बैलगाडी रिकामी परत चालली होती. डाव्या बाजूचा बैल हट्टी होता, जत्रेच्या बाजारात त्याला विकायचं शरणप्पानं ठरवलं होतं.

बांधणी मी स्वतः केली. बाकाला आधी गोणपाट गुंडाळलं, वर ताज्या कडब्याच्या पेंढ्या, त्यावर पुन्हा पेंढ्या. मियाँ "बस करो" म्हणत होते, पण माझं समाधान होईना. शरणप्पा म्हणाला, "अण्णा, दांडा हाय का बाळंतीण?"

बीदरची तांबडी माती हुमनाबादकडे येता येता काळी होत जाते, आणि काळ्या मातीतल्या चाकोऱ्या खोल असतात. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली होई. हुमनाबादला विहिरीशेजारी थांबलो. तिथं कडक भाकरी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी आणि शेंगाचटणी मिळते, जरूर खावी. मी खाल्ली, पण चव लागली नाही.

शरणप्पानं रोजच्यासारखं बैल सोडून गाडीलाच बांधले होते. गाडीत कडबा असला की बैलानं तो खायचा, ही या मुलखातली रीत. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही, आम्ही शेतकऱ्याचीच पोरं. मागं वळून बघतो तर डाव्या बैलानं निम्मी पेंढी फस्त केलेली, उरलेली तो दातात धरून ओढत होता. त्या ओढीनं दांडा घसरला आणि चाकावर आपटला. कट् असा आवाज झाला.

"सोडून बघा की एकदा," शरणप्पा म्हणाला.

"नको," मी म्हणालो. माझी हिंमतच झाली नाही. तडा असेल तर तो गावी पोचल्यावरच कळू दे, असं वाटलं.

शेजारच्या रानातून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, मागून आणल्या. लांब, हलक्या, आणि बैल त्यांना तोंड लावत नाही. गोणपाट तसंच ठेवून चहूबाजूंनी तुराट्या आवळल्या, वरून माझं जादा धोतर गुंडाळलं.

गुलबर्गा मागं पडलं आणि रस्त्यात नवल घडू लागलं. लोक बाजूला होऊन पायताणं काढत. एका धनगरानं खांद्यावरचं कोकरू खाली ठेवून हात जोडले. नाक्यावरच्या शिपायानं काही न विचारता आडवं लाकूड उचललं. मला वाटलं, देवीचा महिमा. शरणप्पा मात्र हळूच म्हणाला, "अण्णा, वर पांढरं धोतर, आन् तुमी मागं मान घालून बसलाव. लोकं मढं समजायलेत."

देवीच्या वस्तूला हा अपशकुन. धोतर तिथंच काढून फेकणार होतो, पण गोणपाट दिसलं की कुणीतरी उघडायला लावणार, आणि तेच मला नको होतं. धोतर राहिलं.

पुढच्या गावच्या वेशीत एक म्हातारी काठी आडवी धरून उभी राहिली. तिचं नाव गंगव्वा.

"परगावचं मढं आमच्या येशीतून न्हाई जायाचं. वड्याकडनं जावा."

ओढ्याची वाट म्हणजे नुसते धोंडे. मियाँचे शब्द आठवले. मी खाली उतरलो. "मढं नाही अक्का. यल्लम्माच्या पालखीचा दांडा आहे."

"मग झाकलाव कामून? सोडून दाखीव."

मी गाठी सोडायला लागलो. गाव जमलं. गोणपाट निघालं. गंगव्वानं बाकावरून बोट फिरवलं आणि सुनेला करडईचं तेल आणायला सांगितलं. "तडा असंल तर तेल पिईल," म्हणाली आणि धार सोडली. तेल पोपटांवरून ओघळत खाली ठिबकलं. एका पोपटाखाली ओरखडा होता, तिथंही ते मुरलं नाही.

"सालटं गेलंय. हाड शाबूत हाय," गंगव्वा म्हणाली.

मी तिथंच मातीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. लाज वाटली नाही.

"आता पुन्ना गाडीत कामून घालता?" तिनं विचारलं आणि गावच्या माणसांना हाक मारली. त्यांनी दांडा खांद्यावर घेतला, वेशीतून वाजतगाजत नेऊन पलीकडच्या शिवेवर पोचवला. तिथं निरोप ऐकून पुढच्या गावची माणसं येऊन थांबली होती. असा शिवेवरून शिवेवर, माणसांच्या खांद्यावरून तो भीमेला पोचला. गाडी रिकामी मागं येत होती.

या वाटेनं कुणाला लांब लाकूडकाम न्यायचं असेल तर तुराट्या वापरा, वरचं कापड रंगीत घ्या, आणि बैल गाडीला बांधू नका. शरणप्पानं तो बैल विकला नाही. म्हणतो, "देवीचा कडबा खाल्लाय त्यानं, आता कसा इकू?" धोतर बायकोनं धुऊन ठेवलं आहे, पण मला नेसू देत नाही.

पुनवेला पालखी उठली. सगळे देवीकडे बघत होते, मी बाकाकडे. गर्दीतून गंगव्वा आली. एवढी वाट चालून आली होती. तिनं ओरखड्यावर हात ठेवला आणि आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, "आता बरा हाय न्हवं?"

"व्हय अक्का, बरा हाय," मी म्हणालो, आणि मग देवीकडे बघितलं.