चौदा नंबरचा पाचवा फाउल

रेफरी विकला गेलेला असतो असं मी कधीच म्हटलं नाही. इतक्या खालच्या लीगमधल्या मुलींच्या बास्केटबॉलसाठी कोण कोणाला विकत घेणार? माझं म्हणणं एवढंच होतं की त्याला माझी मुलगी खुपते.

मुलगी स्टुटगार्टच्या युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती आणि तिथल्या विद्यार्थिनींच्या टीममधून खेळायची. आमचं घर एस-बानने, म्हणजे लोकलने, चाळीस मिनिटांवर, तरी ती तीन मुलींबरोबर वेगेमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक घरात, राहायला गेली होती. एक स्वयंपाकघर, चार खोल्या आणि भांडी कोणी घासायची याचा भिंतीवर लावलेला तक्ता. फोन केला तर "ममा, लेर्नं गेराडं," म्हणजे अभ्यास चालू आहे, एवढंच उत्तर यायचं. त्यामुळे दर दुसऱ्या रविवारी दुपारी हॉलमधले ते दोन तास हीच माझी तिच्याशी भेट होती. खेळ मला फारसा कळत नव्हता. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, हे मात्र पक्कं कळलं होतं, कारण माझी मुलगी वारंवार बाहेर जायची.

बाकांवर आम्ही तिघं बसायचो. मी, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे सासरे, आणि मूळचे नागपूरचे एक संशोधक, ज्यांना मुलगी लहानपणापासून मामा म्हणते. नवऱ्याला खेळाचा कंटाळा. तो घरी बसून फक्त निकाल विचारायचा.

सामना संपला की हॉलच्या पायऱ्यांवर आमची जुंपायची. मामांचं ठरलेलं मत, रेफरी आवाजाला भुलतो. "ज्यांचे लोक जास्त ओरडतात नं वहिनी, त्यांच्या बाजूनं शिट्टी वाजते. माणूसच आहे तो. गेनाऊ, अगदी तसंच होतं." मी म्हणायचे, आवाजबिवाज काही नाही, अख्ख्या मैदानात एकच सावळी पोर आहे आणि शिट्टी तिलाच शोधत येते. हे मी उगाच म्हणत नव्हते, कारण ऑफिसात आणि राहण्याच्या परवान्याच्या रांगेत मी असल्या शिट्ट्या पुष्कळ ऐकल्या होत्या. मामांनीही ऐकल्या होत्या.

सासऱ्यांनी पुण्यात वीस-बावीस वर्षं कबड्डीचे पंच म्हणून काम केलेलं. मी त्यांना विचारायचे, "बाबा, तुम्हीच सांगा, आज तिचा तिसरा फाउल होता का?"

"होता," ते म्हणायचे. "तिनं कोपर घातलं."

"अहो, पण समोरची नाही का घालत?"

"तीही घालते. ते त्याला दिसलं नाही."

"म्हणजे मुद्दाम!"

"मुद्दाम करणारा लगेच पकडला जातो," एवढं बोलून ते मफलर नीट करायचे. यावर काय वाद घालणार? मी आणखी चिडायचे.

चिडले की माझं तोंड थांबत नाही. बाकांवरून मी मराठीत ओरडायचे, "अरे, डोळे घरी ठेवून आलास का?" शब्द कोणाला कळत नव्हते, पण सूर सगळ्या जगाला कळतो. एकदा रेफरीने खेळ थांबवून आमच्या बाजूला पाहिलं आणि हॉलमधल्या माना माझ्याकडे वळल्या. मुलगी तेव्हा फ्री थ्रोच्या रेषेजवळ उभी होती. त्या रविवारी कपडे बदलून ती थेट माझ्याकडे आली. जर्मनमध्ये, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी फाउल करते म्हणून मला फाउल मिळतात. मी बचाव करते, ते माझं काम आहे. पुन्हा एकदा ओरडलीस तर येऊ नकोस."

ही पोर बोलते तसं करते. ते दोन तास गेले तर माझ्याकडे तिचं काय उरणार होतं?

मार्ग बाबांनी सुचवला. इकडची पद्धत अशी की ज्यांच्या हॉलमध्ये सामना, त्यांनीच टेबलावरची माणसं द्यायची. एकाने घड्याळ सांभाळायचं, एकाने गुण आणि फाउल कागदावर लिहायचे. याला भारदस्त नाव आहे, कांफगेरिश्ट, पण बसवतात कोणाच्याही आयांना, भावांना, मित्रांना. माणसं कधी पुरत नाहीत. "तू टेबलावर बस," बाबा म्हणाले. "तिथं बसलं की तोंड बंद ठेवावंच लागतं."

मी दोन संध्याकाळी शिकायला गेले. कागद कसा भरायचा, फाउल झाला की खेळाडूचा कितवा फाउल त्या आकड्याची पाटी कशी वर करायची, सगळं शिकले. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे माझा कागद स्वच्छ असायचा. तीन सामने मी चकार शब्द न काढता बसले. मुलगी पाणी प्यायला टेबलाजवळून जाताना माझ्याकडे बघून हसायला लागली. एकदा तर सामना झाल्यावर थांबली आणि माझ्याबरोबर कॉफी प्यायली. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

चौथा सामना सीझनमधला घरच्या हॉलमधला शेवटचा. दोन मिनिटं उरलेली, आम्ही एका गुणाने पुढे. मुलीचे चार फाउल झालेले, आणि समोरच्या उंच मुलीला अडवणारी आमच्याकडे ती एकटीच. बास्केटखाली गर्दी झाली, शिट्टी वाजली. रेफरी टेबलासमोर आला. अकरापासून पंधरापर्यंतचे नंबर ते असे दाखवतात की एका हाताची मूठ म्हणजे दहा आणि दुसऱ्या हाताची बोटं वरचे. माझी मुलगी चौदा नंबर, तिच्या शेजारी खेळणारी पंधरा. म्हणजे सगळा फरक एका अंगठ्याचा. दुमडलेला असला तर चौदा, उघडा असला तर पंधरा.

मला अंगठा उघडा दिसला.

मी पंधरा नंबरपुढे फाउल लिहिला. त्या मुलीचा तो दुसरा. दोनची पाटी वर केली. शेजारचा घड्याळवाला घड्याळात गुंतला होता, रेफरी पाठ करून रेषेकडे निघाला होता. कोणी हरकत घेतली नाही. माझा हात स्थिर होता, आणि त्याचीच आज मला जास्त भीती वाटते.

मुलीने पाटी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. ती दोन पावलं बास्केटकडे गेली, थांबली, वळली आणि रेफरीला गाठून म्हणाली, "दास वार इश. फियरत्सेन." ती मी होते, चौदा. रेफरी परत टेबलाशी आला. त्याने ओरडावं असं मला वाटत होतं. त्याने नुसतं कागदावर बोट ठेवलं आणि शांतपणे, जवळजवळ मायेने विचारलं, दुरुस्त करता का? मी पंधरापुढचं खोडलं, चौदापुढे लिहिलं आणि माझ्याच हाताने माझ्या मुलीसाठी पाचची पाटी वर केली. ती टीमच्या बाकावर जाऊन बसली, टॉवेल डोक्यावर घेऊन. आम्ही तीन गुणांनी हरलो.

पायऱ्यांवर मामा भेटताच सुरू झाले, "बघा वहिनी, शेवटी काढलंच पोरीला बाहेर."

"रेफरी बरोबर होता," मी म्हटलं. "मी चुकीचं लिहिलं."

"अहो, घाईत होतं असं. आल्झो, जाऊ द्या, एवढं काय त्यात?"

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अंगठा उघडा दिसला होता?"

"दिसला होता बाबा. शपथेवर सांगेन. पण तो उघडा नव्हता."

त्यांनी मान हलवली. "असंच दिसतं," म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यांनी तसा हात कधी ठेवला नव्हता.

मी ते मुद्दाम केलं का? खूप वेळा स्वतःला विचारलंय. मुद्दाम केलं असतं तर निदान माफी मागता आली असती. त्या क्षणी मी पूर्ण प्रामाणिक होते आणि पूर्ण चुकीची होते. इतके महिने मी ज्या माणसाला शिव्या घातल्या, तोही असाच प्रामाणिक असेल का? की माझ्या पोरीचा रंग त्याच्या डोळ्यांत तसाच शिरत असेल, जसा तिचा नंबर माझ्या डोळ्यांत शिरला? मला दोन्ही शक्य वाटतं. रागवायचं कोणावर ते मात्र आता कळत नाही.

मुलगी सगळ्यात शेवटी बाहेर आली. केस ओले, बॅग खांद्यावर. मी उभी राहिले. तिने बॅग खाली ठेवली, माझ्या जॅकेटची वर गेलेली कॉलर सारखी केली आणि अडखळत, शब्द शोधत मराठीत म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तू वर बाकांवर बस. ओरड. चालेल मला."