आंबागडच्या जंगलातील केसाळ माणूस

विघ्नहर्त्या गजाननाला आणि ज्याच्या जन्मदिनी हे लिहावयास बसलो त्या अंजनीसुताला वंदन करून, गेल्या चैत्रातील एक प्रसंग नोंदवितो. त्यात माझीही चूक आहे. ती झाकणार नाही.

आंबागडच्या पायथ्याशी मोहफुले वेचण्याचे दिवस होते. पण बाया चार दिवस घरीच बसून होत्या. जंगलात केसाळ माणूस दिसला होता. जंगलकामावरच्या एका मजुराने मोबाईलवर त्याचे चित्रण केले होते. त्या सकाळी दहाबारा पुरुष कुऱ्हाडी आणि काठ्या घेऊन माझ्या ओसरीपुढे उभे राहिले. त्याला घेरून मारण्याचे ठरलेच होते. गावची पूजाअर्चा मी करतो, म्हणून निघण्यापूर्वी माझा शब्द हवा होता.

“पाहा गुरुजी,” मजूर म्हणाला, “अमेरिकेत याले सॅस्क्वॉच म्हणतेत. तिकडचाबी व्हिडिओ हाये मायाजवळ. चाल तीच.”

“तिकडून पायीच आला का बे?” मागून कुणी विचारले. हसले कुणीच नाही.

चित्रण काही क्षणांचेच होते. झाडांआडून एक काळी, वाकलेली आकृती दोन पायांवर जात होती.

“मले त माणूस नाई वाटत,” एकजण म्हणाला. “मान कुठी हाये त्याले?”

पुढे दोन वस्तू ठेवल्या गेल्या. एक, ओल्या मातीतील पाऊलखुणेचा फोटो: पाच बोटे, पण सर्वांत मोठे बोट बाहेरच्या बाजूला आणि पुढे नखांच्या चिरा. दुसरी, त्याच जागेच्या झाडाच्या सालीत अडकलेले लांब, राठ केस. हे दोन्ही अस्वलाचे, हे मला ओळखू आले. तरीही मी बोललो नाही. चैत्र होता, हनुमंताचे दिवस होते. या वयात काही दिव्य दिसावे अशी इच्छा मनात डोकावली आणि विचार मंदावला.

“पाऊल खोटे नाही, केसही खोटे नाहीत,” एवढेच मी म्हणालो.

अर्धे वाक्य त्यांना पुरले. “गुरुजींनी खरं म्हटलं,” असे म्हणत मंडळी जंगलाकडे निघाली.

मजूर मोटारसायकल वळवीत होता. त्याला थांबवून मी चित्रण पुन्हा पाहिले. पाठशाळेत संशयाचा पाठ खोड आणि माणूस यांच्या दृष्टांताने शिकविला जाई: अंधुक प्रकाशात दिसते ते काय, हे ठरवावयाचे तर हात शोधावेत. साऱ्या आयुष्यात इतरांना तो पाठ सांगितला, आणि त्या सकाळी हात शोधलेच नव्हते. तिसऱ्यांदा पाहताना दिसला. केसांतून बाहेर आलेला एक हात, आणि हातात पत्र्याचा डबा.

केस नव्हते ते. काळे घोंगडे होते. करडी गावाकडचा एक मध काढणारा दर चैत्रात आमच्या जंगलात येतो. मधमाशांपासून बचावासाठी तो घोंगडे डोक्यावरून ओढून घेतो. पंचामृताचा मध मी त्याच्याकडूनच घेतो. तो जन्मतः मुका आणि बहिरा आहे. कुणी ‘कोण आहेस’ म्हणून ओरडले तर त्याला ऐकू येणार नव्हते, आणि उत्तरही देता येणार नव्हते.

मधाच्या पोळ्याच्या झाडाखाली अस्वल येते आणि माणूसही येतो. आम्ही दोघांच्या खुणा एकत्र बांधल्या आणि एक तिसराच प्राणी उभा केला.

“चल लवकर,” मी मजुराला म्हणालो.

“काहून, गुरुजी?”

“माणूस आहे तो.”

त्याने गाडी सुरू केली. गाडी पायवाटेवर उसळत होती. मी रामरक्षा सुरू केली, पण ओळी विसरत होतो.

पोहोचलो तेव्हा पोळ्याच्या झाडाभोवती वेढा पडला होता. माशा उठवण्यासाठी केलेल्या धुरात ती काळी आकृती पाठमोरी उभी होती. “बोल, कोन होय तू?” कुणी दरडावत होते. आकृती हलली नाही. एकाने कुऱ्हाड खांद्यामागे उगारली होती. मी हाक मारली. गलक्यात ती कुणाला ऐकू गेली नाही. तसाच चालत जाऊन मी मध्ये उभा राहिलो आणि त्याच्या डोक्यावरचे घोंगडे मागे ओढले.

तो दचकून वळला. मला पाहून ओळखीचे हसला. सभोवतालच्या कुऱ्हाडी त्याने पाहिल्या आणि त्याला वाटले, एवढे लोक मधासाठीच आले आहेत. पळसाच्या पानावर पोळ्याचा तुकडा ठेवून त्याने तो सर्वांत जवळच्या माणसापुढे धरला. त्या माणसाला तो घेण्यासाठी आधी कुऱ्हाड खाली ठेवावी लागली.

वाचकहो, तुमच्या घरातील प्रत्येकाला पूर्ण पाहण्याचे आणि पूर्ण बोलण्याचे बळ मिळो. ज्याला उत्तर देता येत नाही तोही तुमच्या दारात निर्भय उभा राहो, आणि तुमच्या कुटुंबावर मारुतिरायाची कृपा अखंड असो.