वन्संच्या दाराची दुसरी किल्ली

मी संशयी आहे, असं आमचे हे म्हणतात. असेन. पण आमच्या मजल्यावर सकाळी उघडलेली दारं निजायच्या वेळेलाच लागतात. त्यात एकच दार सदानकदा बंद असेल, तर मनात काहीबाही येणारच. त्यातून ते दार माझ्या सख्ख्या नणंदेचं, म्हणजे लोक विचारायला येणार ते माझ्याकडेच.

वन्सं चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. काच फ्रेमच्या मापाची होईपर्यंत घासायची, उजेडात धरायची, पुन्हा घासायची, यातच उभं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. आधी आईवडिलांकडे राहिल्या, मग आमच्याकडे. आमच्या दोनच खोल्या, तेव्हा त्यांचं अंथरूण दोन्हींच्या मधल्या बोळात. कोणी पाणी प्यायला उठलं की त्यांना ओलांडून जायचं. बाईने कधी कुरकुर केली नाही. मग पन्नाशी उलटल्यावर एक दिवस त्यांनी याच मजल्यावरची टोकाची खोली भाड्याने घेतली, ट्रंक उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तशा त्या माणूसघाण्या नाहीत. कामावरून येताना सगळ्यांशी बोलणार, रविवारी माझ्याकडे जेवायला येणार, थट्टामस्करी करणार. आणि मग खोलीत गेल्या की कडी. मला राग यायचा. इतकी वर्षं ज्या घरात जेवलात, त्या घरच्या माणसालाही आत घेऊ नये?

"आतून काही म्हणजे काही ऐकू येत नाही हो," त्यांच्या समोरच्या खोलीतली शिंपीणबाई मला म्हणाली. "रेडिओ नाही, रडणं नाही. तेच तर मला बरं दिसत नाही."

मलाही ते बरं दिसत नव्हतं.

आमच्या मजल्याचे सेक्रेटरी म्हणजे मोकळ्या मनाचा माणूस, असं ते स्वतःच सांगतात. त्यांनी वन्संना माझ्या दारातच गाठलं. "ताई, आपल्याकडे कोणी काहीही खा, कधीही या, कोणालाही घरी आणा. आम्ही कधी चकार शब्द काढलाय? सगळं चालवून घेतो. फक्त दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पाहिजे?" वन्संनी विचारलं.

"तसं काही नाही. पण एकट्या बाईमाणसाला आत काही झालं, पडलात बिडलात, तर? दार खुशाल लावा. दुसरी किल्ली तेवढी वहिनींकडे ठेवा. नाहीतर मला मालकांच्या कानावर घालावं लागेल, आणि ते खोली खाली करा म्हणतील."

वन्संचा चेहरा उतरला. ही खोली गेली की पुन्हा आमचा बोळ, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना त्यांनी मुकाट्याने माझ्या हातात किल्ली ठेवली. मी ती दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

तिथून माझ्या डोक्याला भुंगा लागला. दार उघडं, मी आत स्वयंपाकात, त्यामुळे खिळ्यापाशी कोणीही यावं. एकदा किल्ली उलटी लटकलेली दिसली. एकदा तिला शिवणयंत्राच्या तेलाचा वास येत होता. एकदा तर दुपारभर गायब होती आणि सेक्रेटरी उगाच साखर मागून गेल्यावर जागेवर आली. आणि आत काय आहे ते कोणीच बोलेना. सगळ्यांना कळलंय आणि मलाच सांगत नाहीत, अशी माझी खात्री झाली. शेवटी मीच उठले. जाऊन किल्ली लावली तर ती फिरेना. वर केली, खाली केली, ढिम्म. म्हटलं, बरोबर! शिंपीणबाईने खरी किल्ली ठेवून घेतली आणि इथे दुसरीच अडकवली. पण हे बोलायचं कोणापाशी? तेव्हा मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

मग पाण्याच्या टाकीवरून मजल्याची मीटिंग भरली. टाकीचं बाजूलाच राहिलं आणि सेक्रेटरींचा तोल गेला. "आपण एवढं सांभाळून घेतो, आणि या बाई आपल्याला फसवतात," ते वन्संकडे हात करून म्हणाले. "यांनी दिलेली किल्ली खोटी आहे."

वन्सं चष्मा पुसत होत्या. तो शांतपणे डोळ्यांवर चढवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

शिंपीणबाई सेक्रेटरींच्या मदतीला धावली. "नाहीच लागत ती," म्हणाली, आणि जीभ चावली. कोणी भिंतीकडे बघायला लागलं, कोणी पायांकडे. माझी मान खाली गेली.

"मी पडले तर दार फोडा," वन्सं म्हणाल्या. "फोडताना आवाज होतो. कोण आत शिरतंय ते सगळ्यांना कळतं. किल्लीचा आवाज होत नाही. आता मालकांना सांगायचं तर जरूर सांगा. फक्त कसं कळलं, तेही सांगा."

मालकांच्या कानावर काहीच गेलं नाही. वन्संची खोली राहिली.

मीटिंगनंतर मी खिळ्यावरची किल्ली घेऊन त्यांच्या दारापाशी गेले. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, दार मागे ओढून.

"कसली आहे ही?"

"दुकानातल्या मोडीत निघालेल्या कपाटाची."

"म्हणजे माझ्यावरही विश्वास नव्हता," मी म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं होतं.

"नव्हता," त्या म्हणाल्या. "खरी दिली असती तर तू आत आली असतीस. मग मी तुझ्याकडे जेवायला आले असते का गं?"

मी तशीच घरी आले. हे बाहेर गेले होते. डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसायला नको होते, म्हणून भर दुपारी मी दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने बाहेर पावलं येऊन थांबली.

"वहिनी, बरं नाही का?" शिंपीणबाईचा आवाज.

"बरी आहे."

"मग दार का लावलंय?"

मी डोळे पुसले, पण कडी काढली नाही. पावलं मात्र तिथेच होती.