वजिराला लागलेला हात

आज सकाळी हातातली कपबशी किणकिणली आणि पनवेलमधली ज्येष्ठांची ती बुद्धिबळ स्पर्धा आठवली. हॉलभर बामचा वास होता. बाहेरच्या रस्त्यानं जासईकडे कंटेनर गेला की पटावरची मोहरी थरथरायची. मी हरत आलो होतो. एवढ्यात घोडा उचलायला गेलेला समोरच्या गृहस्थांचा हात थरथरला आणि वजिराला लागला. हात लागेल तेच मोहरं हलवायचं, हा नियम. आणि वजीर हलला की डाव माझा. मला बघवेना. "कंटेनर गेला हो, घोडाच खेळा," मी म्हणालो. ते चिडलेच. "रस्ता रिकामा आहे. हात माझाच थरथरला." त्यांनी वजीर हलवला आणि हरले. आता चहा बशीत सांडला, तशी बायकोनं माझ्या हाताकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "कंटेनर गेला वाटतं."